आज्याच्या चिठ्ठीवरचं प्लास्टिक

माझी मुलगी काय काम करते असं कुणी विचारलं की मी "लायब्ररीत आहे" एवढंच सांगते आणि चहा ठेवायला उठते. त्याच्या पुढचं मला नीट सांगता येत नाही. ओमानमध्ये सहमला आम्ही राहतो, तिथे वरच्या मजल्यावर रायगडकडची एक बाई राहते, तिला सगळं खोदून विचारायची सवय आहे. एका ईदला तिने मुलीलाच गाठून सगळं विचारून घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुझी लेक अमेरिकेची रद्दी सांभाळते म्हण की." मी हसले. हसायला नको होतं. मुलगी वाटीतला शीरखुर्मा ढवळत राहिली.

खरं तर तिचं काम असं आहे. मस्कतकडे अल खौदला, युनिव्हर्सिटीपासून जवळ, अभ्यास करणाऱ्या लोकांसाठी एक खाजगी ग्रंथालय आहे. तिथे छापील पुस्तकं आहेतच, पण एका थंड खोलीत अमेरिकेतून आणलेले हाताने लिहिलेले जुने कागद आहेत. पूर्वी अमेरिकेची जहाजं खजूर न्यायला या किनाऱ्यावर यायची. त्या जहाजांच्या कप्तानांनी घरी लिहिलेली पत्रं, रोजच्या वाऱ्याच्या आणि पाण्याच्या नोंदी, मस्कतला राहून गेलेल्या एका डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी, असं सगळं. माझी मुलगी त्या कागदांची क्युरेटर आहे. कुठला कागद कुणी लिहिला ते शोधायचं, त्याला नंबर द्यायचा, तो कुठल्या पेटीत कशाशेजारी राहील ते ठरवायचं, कुणी अभ्यासाला आलं तर समोर काढून द्यायचा, आणि तो आज जसा आहे त्याहून जास्त मोडणार नाही हे बघायचं.

मी एकदा ते बघितलं होतं. आधी हात धुवायला लावले आणि कोरडे करायला लावले. पर्स बाहेर ठेवायची. पेन आत न्यायचं नाही, लिहायचं तर शिसपेन्सिलने. तिने फोमच्या उतरत्या उशीवर एका कप्तानाची वही उघडली आणि पानावर लांब कापडी दोरीसारखं काहीतरी ठेवलं, आत शिशाचे मणी होते. पान उलटताना ती बोटाने उचलत नव्हती, तळहात खाली सरकवून सगळं पान एकदम उलटत होती, तव्यावरचं घावन उलटावं तसं सावकाश. एका ओळीवर तिने बोट न टेकवता दाखवलं. ओळ चालता चालता खाली घसरली होती. म्हणाली, "अम्मी, इथे जहाज हललं." मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांपूर्वीचं जहाज हललेलं तिला कागदावर दिसत होतं.

त्या कप्तानाच्या बायकोबद्दल ती शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलायची. तिची तब्येत बरी नसायची, तिला थंडीत खोकला व्हायचा, ती नवऱ्याला खजूर पाठव म्हणायची आणि मग खजूर आले की फार गोड आहेत म्हणायची. मी ऐकत राहायचे. मनात यायचं, माझ्या आईला काय आवडायचं हे हिने मला कधी विचारलं नाही. पण मग वाटायचं, मी तरी कधी सांगितलं.

मी चौथी शिकले. आमच्या गावात रत्नागिरीकडे मराठी शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला खाडी ओलांडून जायला लागायचं आणि मुलींना तेवढ्यासाठी होडीत बसवत नसत. लग्न होऊन मी इथे आले. ह्यांचं सहमला मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, जाळी, दोर, शिसं, बोये. मुलगी इथेच इंडियन स्कूलमध्ये शिकली. तिच्या शाळेत पालकांना बोलवायचे तेव्हा हे जायचे. मी गाडीत बसून राहायचे. ऊन असायचं म्हणून हे काच खाली करून जायचे. बाकीच्या आया इंग्रजी बोलत बाजूने जायच्या तेव्हा मी खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करायचे. मुलगी बाहेर आली की मागे बसायची. तिने मला कधी आत चल म्हटलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. बरंच वाटलं.

म्हणून या वेळी तिने फोन करून माझ्याकडे काहीतरी मागितलं तेव्हा मला आधी समजलंच नाही.

ती एक प्रदर्शन लावत होती. अमेरिकेची जहाजं आणि हा किनारा, असा विषय होता. ती म्हणाली की तिच्याकडे जे काही आहे ते सगळं लिहिणाऱ्यांचं आहे, कप्तानाचं, व्यापाऱ्याचं, डॉक्टरचं. ज्यांनी दोर ओढले त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचा एकही कागद नाही. मग म्हणाली, "अम्मी, तुझ्याकडे ती चिठ्ठी आहे ना, तुझ्या आजोबांची?"

होती. पासपोर्टच्या डब्यात, सगळ्यात खाली. आमच्या घरी तिला साहेबाची चिठ्ठी म्हणायचे. माझा आजा खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो मुंबईहून एका अमेरिकन जहाजावर चढला होता. मस्कतच्या बंदरात त्याला ताप भरला आणि जहाज त्याला उतरवून पुढे गेलं. उतरवताना कप्तानाने त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि खाली जांभळ्या शाईत आज्याचा अंगठा घेतला. पुढे नवीन जहाजावर काम मागताना तो ती दाखवायचा. म्हातारपणी ईदला पेटीतून काढून आम्हाला दाखवायचा. हात लावू द्यायचा नाही. कुणालाच इंग्रजी येत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं की साहेबाने त्यात लिहिलंय, या माणसाने वादळात जहाज वाचवलं.

मुलीने व्हिडिओ कॉलवर मला चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली आणि वाचली. तिला वेळ लागला नाही, त्या काळची अक्षरं तिच्या सवयीची आहेत.

"अम्मी, जहाज वाचवलं असं काही नाही यात."

"मग काय आहे?"

"हा धारक चांगला खलाशी आहे. दारू पीत नाही. दोरावर काम नीट करतो. बस."

मागे हे जेवत होते. म्हणाले, "दारूचं तरी खरं होतं का?"

आम्ही तिघं हसलो. मग तिने विचारलं की धारक म्हणजे कोण, नाव कुठे लिहिलंय का. नाव कुठेच नव्हतं. साहेबाला आज्याचं नाव माहीत नसेल, किंवा लिहिता आलं नसेल. मुलगी म्हणाली, नाव नाही, म्हणून तो अंगठाच महत्त्वाचा आहे. तिच्या सगळ्या पेट्यांमध्ये असा एकही अंगठा नाही. मग मला विचारलं, आजोबांचं नाव काय होतं. आणि मला ते चटकन आठवेना. आम्ही त्याला आजा म्हणायचो, गाव त्याला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणायचं, आजी तर नावच घ्यायची नाही. मला गावी भावाला फोन करून विचारावं लागलं. भाऊ म्हणाला, "आज्याचं नाव विसरलीस होय गो?" मी म्हटलं, तसं नाही, स्पेलिंगसाठी विचारतेय. स्पेलिंग त्याला तरी कुठे येतं.

मुलीने शेवटी सांगितलं होतं की चिठ्ठी आहे तशी आण, सुती कापडात ठेव, सपाट ठेव. तिने आपल्या मुदीरला, म्हणजे ग्रंथालयाच्या प्रमुखांना, सांगून ठेवलं होतं की आईकडून एक कागद येतोय. काचेच्या कपाटात कप्तानाच्या वहीशेजारी तिने त्याच्यासाठी जागा सोडली होती. ते ऐकल्यापासून मला नीट जेवण जात नव्हतं. भीतीने नाही. आनंदाने म्हटलं तरी चालेल.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी कापड इस्त्री केलं आणि चिठ्ठी काढली. चार घड्या होत्या. मी घड्या उघडून सपाट करायला गेले आणि एका कोपऱ्याचा तुकडा माझ्या मांडीवर पडला. सुपारीएवढा. मी तो उचलला तर घडीवरून आणखी थोडं फाटलं. सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेली चिठ्ठी माझ्या हातात मोडत होती, आणि अल खौद इथून लांब आहे, गाडी हादरणार.

आमच्या दुकानाला लागून एक टायपिंगचं दुकान आहे. मलयाळी माणूस चालवतो, आम्ही त्याला चेट्टा म्हणतो. इथे व्हिसाचे अर्ज, फोटोकॉपी, सगळं त्याच्याकडे. आम्ही इथे आलेली माणसं कागदावर जगतो. कार्ड हरवलं, शिक्का पुसला, तर माणूस उभ्या जागी अडकतो. म्हणून जो कागद जपायचा तो लॅमिनेशन करून ठेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलीची बर्थ सर्टिफिकेटची कॉपी, तिच्या निबंधाच्या बक्षिसांची प्रमाणपत्रं, लसीचं कार्ड, सगळं मी चेट्टाकडून प्लास्टिकमध्ये करून घेतलेलं आहे. फक्त तिची डिग्री नाही, कारण डिग्रीच्या मागे दूतावासाचे शिक्के मारायचे असतात, प्लास्टिकवर ते बसत नाहीत. एवढी अक्कल मला होती. मी तो विचारही केला. या चिठ्ठीवर आता कुणाचा शिक्का लागणार, म्हणजे हिला करायला हरकत नाही.

मी चेट्टाकडे गेले. तुकडे मी स्वतः जागच्या जागी जुळवून दिले, त्याला हात लावू दिला नाही. त्याने चिठ्ठी पिशवीत सरकवली आणि मशीनमध्ये घातली. दुसऱ्या बाजूने ती बाहेर आली तेव्हा गरम होती आणि चकचकीत होती. एकही तुकडा हलला नव्हता. आज्याचा अंगठा पहिल्यापेक्षा ठळक दिसत होता. चेट्टा म्हणाला, आता शंभर वर्षं काही होणार नाही. मी ती छातीशी धरून घरी आणली. मुलगी खूश होईल असं मला वाटलं. मला वाटलं, तिला आता त्यावर काही करायलाच लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांना मस्कतमध्ये रुवीला माल आणायला जायचं होतं. मला ग्रंथालयाच्या दारात सोडून ते पुढे गेले. मुलगी खाली घ्यायला आली. तिने मला मिठी मारली, सगळ्यांसमोर, आणि वर नेलं. मी हात धुतले, कोरडे केले. या वेळी मला काही सांगावं लागलं नाही. मुदीर आले. वयस्कर ओमानी गृहस्थ, लहानपण मस्कतच्या मत्रा बाजारात भारतीय दुकानदारांशेजारी गेलेलं, त्यामुळे हिंदी छान बोलतात. मला "अम्मा" म्हणाले. तुमच्या आजोबांनी मस्कत आमच्याआधी बघितलं, म्हणाले. टेबलावर पांढरा कागद अंथरलेला होता. शेजारी मुलीने बनवलेलं पातळ पुठ्ठ्याचं घडीचं पाकीट होतं, चिठ्ठीच्या मापाचं. व्हिडिओ कॉलवरून अंदाजाने माप घेऊन तिने ते कापलं होतं.

मी कापड उघडलं.

मुलीचा चेहरा बघून मला काही क्षण वाटलं की तिला आनंद झालाय आणि बोलता येत नाहीये. मग तिने हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला.

"अम्मी, हे गरम मशीनमधून काढलं?"

मी हो म्हटलं. मी अजून हसतच होते. हसणं चेहऱ्यावर राहून गेलं होतं, ते कसं काढायचं मला कळेना.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने प्लास्टिकची कड उचलून दिव्याखाली धरली, उलटी केली, भिंग घेतलं. मुदीरशी इंग्रजीत काहीतरी बोलली. त्यातलं प्लास्टिक मला कळलं, आणि हीट कळलं. मुदीर हळू आवाजात मला म्हणाले, अम्मा, बैठिए. मी बसले नाही. माझ्यासाठी खुर्ची ओढली होती तरी मी उभीच राहिले. शाळेत पाढा चुकला की उभी राहायचे तशी.

मुलीने मग मला समजावलं. शांतपणे, शब्द शोधत, कारण तिचं मराठी अशा वेळी अडतं. ते प्लास्टिक नुसतं वर नसतं, त्याचा गोंद वितळून कागदात शिरतो. आत काही असेल ते आत कोंडलं जातं. आणि ते निघणं कठीण असतं. परदेशात असं काम करणारी माणसं आहेत, ती त्यांना फोटो पाठवून विचारेल. "तू नाही माहीत तुला," ती म्हणाली, आणि तिचं वाक्य चुकलं.

मला वाटलं, मी एवढ्या वर्षांत तिच्या शाळेत गेले नाही ते बरोबरच केलं होतं.

बाहेर बाकावर मी ह्यांची वाट बघत बसले. आत मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलत होती. दार अर्धं उघडं होतं. ती इंग्रजीतच बोलत होती, पण सावकाश, समोरच्याला नीट कळावं म्हणून, त्यामुळे मलाही थोडं कळत होतं. फॅमिली, ती म्हणाली. समवन इन द फॅमिली. इतकं इंग्रजी दुकानात बसूनही येतं. घरातल्या कुणीतरी. आई म्हणाली नाही. मी गॉगल लावला. गॉगल मी फक्त गाडीत लावते, तिथे आत बसून लावला.

परत येताना गाडीत हे म्हणाले, "कागदच आहे ना." थोड्या वेळाने त्यांनी चेट्टाला दोन शिव्या घातल्या. मी म्हटलं त्याला कशाला, त्याने विचारलं होतं करू का म्हणून. वरच्या मजल्यावरच्या बाईने जिन्यात विचारलं, दिलीस का तुझी रद्दी. मी हो म्हटलं.

पुढचे काही दिवस मी मुलीला फोन केला नाही. तिचा आला की हे घ्यायचे, मी स्वयंपाकघरात काहीतरी करत असल्याचं भांड्यांच्या आवाजाने कळवायचे. पासपोर्टचा डबा उघडला की वर तिची चकचकीत बक्षिसं दिसायची. मी ती उलटी घालून ठेवली.

मग एका शुक्रवारी ती स्वतः गाडी चालवत सहमला आली. मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. ती ओट्याशेजारी उभी राहिली. तिने सरळ सांगितलं की उत्तर आलं आहे. प्लास्टिक काढता येतं, एका औषधात भिजवून. साहेबाची शाई त्यात टिकेल. पण अंगठ्याची जांभळी शाई टिकणार नाही, ती विरघळेल. आणि प्लास्टिक तसंच ठेवलं तर अंगठा राहील, पण गोंद आतून कागदाला खाईल, तो पिवळा पडेल, कडक होईल. किती वर्षांत ते कुणी सांगू शकत नाही. तोपर्यंत कदाचित काही नवं औषध निघेल, कदाचित नाही.

"मग तू काय करणार?" मी विचारलं. माझे हात पिठात होते, मी भाकरीकडेच बघत होते.

"मी नाही. कागद तुझा आहे. तू सांग."

हे दारात आले होते. म्हणाले, "तिला काय विचारतेस बाय, तूच ठरव ना. तुझं शिक्षण त्यातलं."

"नाही अब्बा. अम्मीचा आहे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी ती उलटली. मला कुणी असं काही विचारलेलं मला आठवत नव्हतं, लग्नातही नाही. आज्याचा अंगठा मला माहीत होता. कागदावरचा नाही, खरा. दोराने कधीतरी कापला होता, त्याची तिरकी खूण होती. तो त्याच अंगठ्याने आमच्या गालाला चिमटा घ्यायचा. कागदावर ती तिरकी रेघ पांढरी उमटली होती. ती मी लहानपणी बघितली होती आणि कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "साहेबांनी लिहिलेली पत्रं तुझ्याकडे पेट्या भरून आहेत. आज्याचा अंगठा एवढाच आहे. राहू दे."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, ठीक आहे. तिने तिरक्या रेघेबद्दल विचारलं, मी सांगितलं. ती स्वयंपाकघरातच स्टुलावर बसली आणि पेन्सिलने लिहून घ्यायला लागली. चिठ्ठी आधी कुठे होती, मग कुणाकडे आली, कशात ठेवलेली होती, तुकडा कधी पडला. मी सगळं सांगत गेले. पेटी घेण्याआधी आज्याने ती भाताच्या कणगीत लपवली होती, माझ्या आईने रॉकेलच्या डब्यात, रिकाम्या, पण वास यायचा. प्रत्येक गोष्ट सांगताना मला लाज वाटत होती, आम्ही ती कशी ठेवली याची. ती मात्र मान हलवत लिहीत होती, कप्तानाच्या खोकणाऱ्या बायकोबद्दल बोलायची तशाच चेहऱ्याने.

शेवटी तिने पर्समधून छापलेला कागद काढला. काचेत चिठ्ठीखाली जो मजकूर लागणार तो. तिने तो मला मराठीत करून वाचून दाखवला. पहिल्यांदा आज्याचं नाव होतं. मग जहाज, मग मस्कत, मग चिठ्ठीत काय लिहिलंय ते. शेवटची ओळ ती भरभर वाचून गेली. मी तिला परत वाचायला सांगितलं.

"कागद अलीकडे कुटुंबातल्या एका व्यक्तीने प्लास्टिकमध्ये बंद केला."

"हे लिहायलाच लागतं?"

"लागतं. पुढे जो बघेल त्याला कळायला पाहिजे कागदाला काय काय झालं ते. ब्लेम नाही करत आम्ही."

"मग व्यक्ती का लिहिलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुला लाज वाटेल म्हणून."

मला वाटली होती, आणि वाटतच होती. पण साहेबानेही आज्याचं नाव न लिहिता नुसतं धारक म्हटलं होतं, आणि आमचं सगळं घर तो अंगठा बघत बसलं. मी हात धुतले. म्हटलं, "लाज वाटतेय मला. ती वाटू दे. पण व्यक्ती नको. मीच केलं ना. नाव लिही."

ती म्हणाली, अम्मी, तिथे खूप लोक येतील. मी म्हटलं, माहीत आहे. मग भाकऱ्या गार होतात म्हणून मी तिला जेवायला बसवलं. मला त्यावर आणखी बोलायचं नव्हतं. बोलले असते तर मी शब्द मागे घेतला असता.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मी जाणार नव्हते. ह्यांनी दुकान बंद करून नवा सदरा घातला तेव्हा नाइलाजाने गेले. खूप माणसं होती, कंदुरे, म्हणजे पायघोळ पांढरे झगे, घातलेले ओमानी, युनिव्हर्सिटीच्या मुली, काही गोरे. मुदीरांनी लांबून छातीवर हात ठेवला. मी भिंतीच्या कडेने चालत कपाटापर्यंत गेले. कप्तानाची वही उतरत्या उशीवर उघडी होती, घसरलेल्या ओळीचंच पान. शेजारी आमची चिठ्ठी, चकचकीत. त्या सगळ्या मंद, पिवळसर कागदांत तीच एक दिव्याखाली चमकत होती. एखाद्याच्या लग्नात मीच चुकून भडक साडी नेसून गेल्यासारखं वाटलं मला. दोन मुली वाकून खालचा मजकूर वाचत होत्या. त्यांतली एक काहीतरी म्हणाली आणि दुसरी हसली. कशावर हसली ते मला कळलं नाही, पण कान तापले.

त्या गेल्यावर ह्यांनी चष्मा लावून मजकूर वाचला. एकेक अक्षर बोटाने, काचेवरून. आज्याच्या नावावर थांबले, मग शेवटच्या ओळीवर आले. तिथे माझं नाव होतं, आणि त्याच्या पुढे नात, आणि त्याच्या पुढे सहम.

"काय गो," ते म्हणाले, "माझं नाव तर माझ्या दुकानाच्या पाटीवर पण नाही. ज्याच्या नावावर लायसन्स, त्या अर्बाबचं आहे."

मुलगी पाहुण्यांमधून आमच्याकडे येत होती. तिच्याबरोबर एक गोरी बाई होती. मला वाटलं आता ती बाईला दुसरीकडे वळवेल, आणि मी बाजूला सरकायला लागले. मुलीने माझ्या दंडाला धरलं आणि इंग्रजीत त्या बाईला सांगितलं. धिस इज माय मदर, एवढं मला कळलं, आणि नंतर प्लास्टिक कळलं. बाईने हात पुढे केला. माझा हात घामाने ओला झाला होता. मी तो ओढणीला पुसला आणि मग दिला.